कांदा, कोबाल्ट आणि कोलेस्टेरॉल

लासलगाव म्हटलं की कांदा, हे ठरलेलंच. पण या गावाचं अणुशास्त्राशीही नातं आहे बरं का. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र इथे २००२ साली सुरू झालं. कोबाल्ट-६० चे किरण दिले की साठवणीतल्या कांद्याला कोंब फुटत नाहीत. २००७ साली अमेरिकेला गेलेला हापूसही इथूनच किरण घेऊन गेला.

कोबाल्ट-६० हा समस्थानिक, म्हणजे साध्या कोबाल्टचा वेगळ्या वजनाचा भाऊ. हायड्रोजनलाही असा एक जड भाऊ आहे. तो किरण सोडत नाही, पण त्याने एक मोठं कोडं सोडवलं: आपलं शरीर स्टेरॉइड हार्मोन्स कशापासून बनवतं?

१९३१ साली बुटेनांटने पोलिसांचं सुमारे १५,००० लिटर मूत्र आटवून जेमतेम १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळवलं! पुढे या हार्मोन्सची ठेवण कोलेस्टेरॉलसारखीच निघाली, एकमेकींना जोडलेल्या चार कड्यांची. पण तोंडावळा जुळला म्हणून नातं सिद्ध होत नाही.

ते सिद्ध केलं कोनराड ब्लॉखने. नाझी जर्मनी सोडून हा ज्यू तरुण १९३६ साली अमेरिकेत पोचला. व्यापारी गोणीवर मार्का मारतो, म्हणजे माल कुठेही गेला तरी ओळखू येतो. ब्लॉखने कोलेस्टेरॉलवर जड हायड्रोजनचा मार्का मारला आणि ते एका गर्भवतीला दिलं. प्रोजेस्टेरॉन वापरून झालं की त्याचा प्रेग्नेनडायॉल होऊन लघवीतून जातो. त्यात तो मार्का सापडला! हे १९४५ साली प्रसिद्ध झालं.

पुढचा मार्ग नंतर उलगडत गेला. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात कोलेस्टेरॉलच्या २७ कार्बनांपैकी ६ छाटले जातात आणि प्रेग्नेनोलोन तयार होतं. त्याच्यापासून प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन. सगळी एकाच घरची भावंडं. ज्या कोलेस्टेरॉलच्या नावाने आपण बोटं मोडतो, त्याच्यावाचून यातलं एकही नाही.

हे सगळं इथे का लिहितोय? १९४८ साली हेंचने संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि स्टेरॉइड औषध म्हणून घरोघर पोचलं. कुणी त्याला घाबरतं, तर कुणी सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या बिनधास्त घेतं. त्या पुड्यांत कधीकधी स्टेरॉइडच मिसळलेलं असतं. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात ते मेंदूतल्या पिट्युटरीच्या हुकमावरून. बाहेरून आयता माल येत राहिला की पिट्युटरी हुकूम देणं थांबवते आणि ग्रंथी आक्रसतात. अशा वेळी औषध एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं.

तेव्हा मंडळी, घरात कुणाची स्टेरॉइडची गोळी बरेच दिवस चालू असेल, तर बरं वाटतंय म्हणून ती परस्पर बंद करू नका. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, कारण बंद पडलेला कारखाना सुरू व्हायला कधी आठवडे लागतात, कधी महिने.