आपत्तिसज्जता, वीजकेंद्रांतील

वीजकेंद्र गावोगावी वीज पुरवते, पण स्वतःचे पंप, झडपा आणि नियंत्रणयंत्रणा चालवायला त्यालाही वीज लागते. अणुवीजकेंद्रात ही गरज जिवावरची असते, कारण अणुभट्टी बंद केल्यावरही इंधन तापतच राहते. म्हणून राखीव वीज ठेवतात. मात्र राखीव साधने किती आहेत, यापेक्षा ती एकाच तडाख्यात सगळी निकामी होतील का, यावर सज्जता जोखली पाहिजे. उत्तर प्रदेशात गंगाकाठच्या नरोरा केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे लागलेली आग याचा भारतातला सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. पहिल्या संचाच्या टर्बाइनची दोन पाती तुटली, यंत्र हादरू लागले, जनित्राला थंड ठेवणारा हायड्रोजन गळून पेटला आणि वंगणतेलाने आग भडकली. मुख्य आणि राखीव विजेच्या केबली पुरेशा अलग नेलेल्या नव्हत्या. दोन्ही जळाल्या आणि संच सुमारे १७ तास विजेविना राहिला.

धुरामुळे नियंत्रणकक्ष सोडावा लागला. अणुभट्टी तोवर बंद केलेली होती. ती पुन्हा सुरू होऊ नये म्हणून कर्मचारी विजेऱ्या घेऊन इमारतीत वर चढले आणि हातांनी झडपा उघडून त्यांनी बोरॉनचे द्रावण आत सोडले. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेलपंपांनी बाष्पजनित्रांना पाणी पुरवले. इंधन शाबूत राहिले. मग माणसांची हिंमत आणि तयारी हीच खरी सज्जता, केबलींचे मार्ग दुय्यम, असे म्हणावे काय? त्या माणसांचे ऋण मोठे आहेच. पण हाताने फिरणारी झडप आणि केंद्राच्या विजेवाचून चालणारा पंप तिथे होता, म्हणून त्यांची हिंमत कामी आली.

अशा घटना विरळा, मग वेगळ्या मार्गांचा आणि भिंतींचा खर्च कशाला, हा दुसरा आक्षेप. विरळा घटनाच सगळे पर्याय एकदम गाठते. जपानमधील फुकुशिमा दाईइची अणुवीजकेंद्रात ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीनंतर काही डिझेल जनित्रे धड होती, पण वीज वाटणारे फलक पाण्याखाली गेल्याने ती निरुपयोगी ठरली. सहाव्या संचाचे हवेने थंड होणारे एक जनित्र उंचावर होते. त्याच्या विजेवर पाचवा आणि सहावा संच वाचले. पुढे तारापूरसह भारतीय अणुकेंद्रांत बाहेरून पाणी सोडता यावे म्हणून जोडण्या बसवण्यात आल्या. नळी जोडायला तिथे विजेची वाट पाहावी लागत नाही.