वाघिणीच्या पोटाखाली



आजचा विषय ऐकून आमच्या घरात हशा पिकला होता. तुम्हीही हसलात तर राग नाही. विषय असा : नॅरोगेज रेल्वेची मॉडेल्स करणारे लोक आपल्या वाघिणींसाठी चासी कुठून आणतात ? (वाघीण म्हणजे मालडबा. हा खुलासा फक्त नातवंडांसाठी !)

कोथरूडचे जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही छोटी दुनिया ठाऊक आहे. वाघिणीचा वरचा डबा घरी करता येतो. पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा पत्रा, पट्टी, ब्लेड आणि चिकाटी, एवढे पुरते. चासीचे तसे नाही. दोन्ही आस एकमेकांना समांतर हवेत, चाके अडखळता कामा नयेत आणि सगळी एकाच वेळी रुळाला टेकली पाहिजेत. केसभर फरक पडला की पहिल्याच वळणावर गाडी आडवी. म्हणून बहुतेक जण चासी उसनी आणतात.

या उसनवारीचा इतिहास मोठा मजेदार आहे. एडिंबरोचे पी. डी. हॅनकॉक यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर 'क्रेग अँड मर्टनफोर्ड' नावाची काल्पनिक नॅरोगेज रेल्वे उभी केली. या छंदातल्या लोकांना हे नाव अजून पाठ आहे. त्या काळी तयार माल जवळजवळ नव्हताच. मग १९६० च्या सुमारास जर्मनीतल्या आर्नोल्ड कंपनीने ९ मिमी रुळांवर धावणाऱ्या गाड्या आणल्या. हेच पुढचे 'एन गेज'. त्या गाड्या होत्या मोठ्या रेल्वेच्या, फक्त १६० पट लहान केलेल्या. छंदी लोकांच्या लक्षात आले की हीच चासी घेऊन वर ७६ किंवा ८७ पट लहान केलेला डबा बसवला, तर तेच रूळ डब्याच्या मानाने अरुंद दिसतात. झाली नॅरोगेज तयार ! १९६३ मध्ये एगर-बान या जर्मन कंपनीने खास नॅरोगेजच्या छोट्या गाड्या काढल्या, पण ती फार वर्षे टिकली नाही. १९७३ साली ब्रिटनमध्ये या छंदाची '००९ सोसायटी' निघाली. अलीकडे तयार गाड्याही मिळू लागल्या आहेत, पण एन गेजच्या चासीची उसनवारी अजून थांबलेली नाही.

आता थोडे गणित. (पळू नका, तिसरीचेच आहे.)

आपली माथेरानची गाडी दोन फुटी, म्हणजे रुळांमधले अंतर ६१० मिमी. बार्शी लाईट अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिमी. ब्रिटिश लोकांच्या ७६ च्या प्रमाणात माथेरानला ८ मिमीचे रूळ हवेत आणि बार्शीला १० मिमीचे. बाजारात मिळतात ९ मिमीचे ! एकीला मिलिमीटरभर सैल, दुसरीला मिलिमीटरभर घट्ट. पण युरोपातले ८७ चे प्रमाण घेतले, तर बार्शीचे रूळ येतात पावणेनऊ मिमीच्या किंचित वर. ९ मिमीच्या इतके जवळ की डोळ्याला फरक कळणार नाही. म्हणजे बार्शी लाईटचे मॉडेल करायचे तर ८७ चेच प्रमाण धरावे.

आणि बार्शीपाशी आलो की या खेळातला इतिहास सुरू होतो.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७-१९२७) हे ब्रिटिश इंजिनिअर जीआयपी रेल्वेत नोकरीला म्हणून इकडे आले आणि नॅरोगेजचे वेड घेऊन बसले. त्यांची बार्शी लाईट १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. कॅलथ्रॉप यांनी हिशेब मांडला तो खालून वर. कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे यार्डाला तीस पौंड वजनाचे हलके, स्वस्त रूळ चालतील. मग मालाच्या सगळ्या वाघिणींना एकाच मापाची चासी : २५ फूट लांब, ७ फूट रुंद, दाबून घडवलेल्या पोलादाची, लीड्स फोर्ज कंपनीची. तिच्याखाली दोन बोगी. (बोगी म्हणजे आपण बोलताना डब्याला म्हणतो ती नव्हे. डब्याखालची चार चाकांची, वळणावर फिरणारी गाडी ती खरी बोगी.) दोन बोगींचे मिळून चार आस. पाच टनांप्रमाणे माल आणि वाघीण धरून वीस टन. चासी हलकी, म्हणून त्या वीस टनांत माल जास्त मावे. दुष्काळी मुलखात धान्य पोचवायला या हिशेबाचे मोल किती, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

मॉडेल करणाऱ्याला यातून काय मिळते ? एक तर योग्य चासी एकदाच शोधावी लागते, मग तिच्यावर उघडी, बंद, हवी ती वाघीण चढवावी. ८७ च्या प्रमाणात २५ फुटांचे होतात साधारण साडेसत्याऐंशी मिमी, ७ फुटांचे साडेचोवीस. एवढा पाट प्लास्टिकचा कापावा आणि खाली एन गेजच्या दोन बोगी लावाव्यात. चारचाकी चासी स्वस्त आणि सोपी असते, तिचा मोह टाळावा. एन गेजची चारचाकी चासी आखूड, ब्रिटिश छोट्या वाघिणींना ती शोभते. बार्शीखाली ती लावली तर डबा बार्शीचा दिसेल, पण कॅलथ्रॉप यांचा सगळा विचार पुसला जाईल. आठ चाके हाच तर तो विचार होता ! मोठ्या रेल्वेच्या चासीला टोकांना दोन-दोन बफर असतील तर तेही कापावेत. नॅरोगेजला ते मध्यभागी एकच असते.

इतिहासाच्या पुस्तकात १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी येते, चासी येत नाही. पण पंढरीच्या वारीत टपावर बसलेल्या माणसांसकट ती गाडी चालली, ती खालच्या पोलादावर. २०११ च्या सुमारास मिरजेपर्यंतचा सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ते पोलाद भंगारात गेले. मागे राहिले ते फोटो, आणि फोटोत बहुधा इंजिन किंवा इंजिनापुढे उभे राहिलेले काका. गुडघ्यावर बसून वाघिणीच्या पोटाखालचा फोटो कोण काढणार !

म्हणून एक विनंती. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज भागातल्या नातेवाईकांनी आणि ब्लॉगमित्रांनी जुने अल्बम एकदा चाळावेत. लग्नाच्या वऱ्हाडामागे, शाळेच्या सहलीमागे कुठे वाघिणीची चाके दिसत असतील तर तो फोटो जपून ठेवा आणि मलाही पाठवा. माणसांना ओळखण्याची जबाबदारी माझी. चाके मात्र कापू नका.