उस्तुखुद्दूस : भिवंडीच्या हकिमांकडील ग्रीक वनस्पती

भिवंडीतील युनानी औषधांच्या दुकानात ‘इत्रिफल उस्तुखुद्दूस’ मागितले, की काळपट, गोड-तुरट अवलेहाची डबी हाती येते. जुनाट सर्दी आणि डोकेदुखीवर हकीम ते देतात. या नावातला एक शब्द भूमध्य समुद्राकडून आला आहे. दुसरा आपल्याकडून तिकडे गेला आणि परतला.

उस्तुखुद्दूस ही तुळशीच्या कुळातील, लॅव्हेंडरची रानटी जात. भूमध्य सागराकाठच्या कोरड्या, खडकाळ माळांवर ती आपोआप उगवते. जांभळ्या कणसाच्या टोकाला सशाच्या कानांसारखी, पाकळ्यांसारखी दिसणारी सहपत्रे उभी असतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने तिची नोंद केली. मार्सेय बंदरासमोरील स्टोइकाडीस बेटांवर ती होते आणि त्यावरूनच तिला नाव मिळाले, असे तो सांगतो. चव कडवट-तिखट, काढा छातीच्या विकारांवर गुणकारी, आणि विषावरील उताऱ्यातही तिचा उपयोग.

नवव्या शतकात बगदादमध्ये इस्तिफान इब्न बासील याने हा ग्रंथ अरबीत आणला. हुनैन इब्न इसहाक याने भाषांतर तपासले. ज्या वनस्पतींना अरबी नाव सापडले नाही, त्यांची ग्रीक नावे इस्तिफानने तशीच अरबी लिपीत उतरवली. न कळलेल्या वनस्पतीला ओढूनताणून नाव न देण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. स्टोइकासचे ‘उस्तुखुदूस’ झाले ते याच परंपरेत. पुढे इब्न सीनाच्या ‘कानून’मध्ये ती आली. मेंदूत साचलेला कफ झाडून काढते, म्हणून युनानी वैद्यकात तिला ‘जारूब-ए-दिमाग’, म्हणजे मेंदूची केरसुणी, म्हणतात.

आणि ‘इत्रिफल’? तो आपला त्रिफळा. हिरडा, बेहडा, आवळा यांचे मिश्रण नावासकट अरबी वैद्यकात गेले. बदामाच्या तेलात परतून, मधात कालवून, उस्तुखुद्दूससारख्या वनस्पती मिसळून ते हकिमांबरोबर परत आले.

दख्खनेत अशा हकिमांना राजाश्रय होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातील हकिमांशी झालेल्या चर्चा गोव्याचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 च्या ग्रंथात नोंदवल्या आहेत. भिवंडीत 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकरांची कुटुंबे येत गेली. हकिमाकडे जाण्याची सवयही त्यांच्यासोबत आली असणार.

आता खरी अडचण. भारतीय बाजारात उस्तुखुद्दूस म्हणून पुष्कळदा काश्मीरकडील प्रुनेला विकली जाते. तीही तुळशीच्याच कुळातली, पण वनस्पती वेगळी. डायोस्कोरिडीसपासूनचा अनुभव तिला लागू होईलच असे नाही. शब्द दोन हजार वर्षे शाबूत राहिला. वनस्पती मात्र वाटेत बदलली. घेताना कणीस बोटांत चोळून पाहावे. खऱ्या उस्तुखुद्दूसला कापरासारखा उग्र वास येतो, प्रुनेलाला येत नाही.