मोठा दवाखाना



परवा ग्रुपवर कोणीतरी अफझलगंजचा जुना फोटो टाकला, तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

आमच्या आजोबांच्या काळात नांदेड-परभणीकडे कोणाचं दुखणं हाताबाहेर गेलं की एकच सल्ला मिळायचा, "हैदराबादला न्या." पेशंट गाडीने काचीगुड्याला उतरायचा, नातेवाइकांकडे टेकायचा आणि तिथून उस्मानियाला. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तरी ही ये-जा थांबली नाही. आमच्याकडेही असा पाहुणा असायचाच. आजी दवाखान्यात नेण्यासाठी डबा भरायची, त्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्याही दोन पोळ्या असायच्या.

1908 च्या मुसी नदीच्या पुरानंतर शहर नव्याने बांधायला घेतलं, त्यातून ही इमारत उभी राहिली. व्हिन्सेंट एश यांनी आराखडा केला. निझामाच्या तिजोरीला तेव्हा कमी नव्हती. पुढच्या सरकारांचं मात्र तसं नव्हतं. माणसं वाढली, खाटा त्या मानाने वाढल्या नाहीत.

मग एकेक वाट शोधली गेली. 1986 च्या कायद्याने आंध्र प्रदेश वैद्य विधान परिषद झाली. जिल्ह्या-तालुक्यांची इस्पितळं एका वेगळ्या मंडळाकडे दिली. हेतू हा, की साध्या ऑपरेशनसाठी कोणाला हैदराबाद गाठावं लागू नये. 1994 मध्ये या इस्पितळांच्या सुधारणेसाठी जागतिक बँकेचं कर्ज मंजूर झालं. 2005 च्या 15 ऑगस्टला 108 ची गाडी सुरू झाली. चालवणारी संस्था खासगी, खर्च बहुतेक सरकारचा.

सगळ्यात मोठा बदल 2007 चा, आरोग्यश्री. त्याआधी गरिबाच्या हार्टच्या ऑपरेशनसाठी मुख्यमंत्री निधीकडे अर्ज करत फिरावं लागायचं. त्यानंतर पांढरं रेशन कार्ड दाखवलं की यादीतलं ऑपरेशन खासगी इस्पितळातही फुकट होऊ लागलं. मर्यादा तेव्हा दीड लाख होती, गरज पडली तर वर 50 हजार. किती घरं कर्जातून वाचली असतील! महाराष्ट्राने 2012 मध्ये अशीच जीवनदायी योजना आणली, तिला आज महात्मा फुले यांचं नाव आहे.

पण यात एक मेख होती. कार्ड चालायचं ते मोठ्या आजाराला. शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्यांना, साध्या तापाला ते नाही. म्हणजे गोळी न मिळाल्याने किडनी गेली, की मग सरकार डायलिसिसचे पैसे भरणार! आणि तिजोरीत खडखडाट झाला की खासगी इस्पितळांची बिलं थकतात, ती सेवा बंद करण्याचा इशारा देतात. 2025 मध्येही हेच पाहिलं.

म्हणून मला 2018 चे बस्ती दवाखाने जास्त शहाणपणाचे वाटतात. बरेचसे आधीच असलेल्या कम्युनिटी हॉलमध्ये बसवले, बांधकामाचा खर्च वाचला. एक डॉक्टर, एक नर्स, एक मदतनीस, औषधं फुकट. रक्ताचे नमुने नारायणगुड्याच्या मोठ्या लॅबला जातात, म्हणजे गल्लोगल्ली महागडी मशिनं नक्कोत. आमच्याकडे काम करणाऱ्या बाई कामावर येतायेता शुगर तपासून येतात. आधी अर्ध्या दिवसाचा खाडा व्हायचा.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्या घरांनी मोठा दवाखाना कधी सोडला? आमच्या घराने साधारण ऐंशीच्या दशकात. हातात पैसा आला, ऑफिसचा विमा आला, आपण खासगीकडे वळलो. त्यात चूक काही नाही. पण अर्ज लिहिणारे, पेपरात पत्र पाठवणारे, ओळखीने अधिकाऱ्याला गाठणारे आपणच होतो. आपण निघालो आणि रांगेतल्या माणसांचा आवाज तेवढा कमी झाला. बजेट आखडलं की पहिली कात्री, जिथे ओरडणारं कोणी नाही तिथेच लागते.

2020 च्या जुलैत पावसाचं पाणी वॉर्डात शिरलं आणि ती जुनी इमारत रिकामी करावी लागली. जानेवारी 2025 मध्ये गोशामहलला नव्या उस्मानियाची पायाभरणी झाली. ती होईल तेव्हा आपल्यापैकी किती जण तिथे केसपेपर काढतील, माहीत नाही. निदान तिथे औषधं आहेत का, डॉक्टर पुरेसे आहेत का, एवढं तरी विचारत राहू या. तिथल्या खाटांवर आपलीही माणसं बरी झाली आहेत.

तुमच्या घरात मोठ्या दवाखान्याच्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. ज्येष्ठांना विचारून लिहा, उशीर नको.