एंजिन मागे नेणारी साखळी

शर्यतीच्या एकासनी मोटारीत चालक पुढे आणि एंजिन त्याच्या पाठीशी, ही जी रचना आज सर्वत्र रूढ झाली आहे, ती कोणा प्रज्ञावंत अभियंत्याच्या चिंतनातून जन्मास आली असावी असा सर्वसाधारण समज असला, तरी माझ्या मते तिचे खरे जनकत्व मोटारसायकलच्या एका साखळीकडे जाते.

युद्धोत्तर टंचाईच्या दिवसांत, 1946 साली, लंडनलगतच्या सर्बिटन येथे चार्ल्स कूपर आणि त्यांचे चिरंजीव जॉन यांनी ‘फियाट टोपोलिनो’ या चिमुकल्या मोटारीचे दोन पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले, त्यामुळे चारही चाकांना आडव्या कमानपाट्याचा स्वतंत्र आधार अनायासे लाभला, आणि त्या सांगाड्यावर 500 सी.सी.चे ‘जे.ए.पी.’ हे मोटारसायकलचे एंजिन चढवले. असले एंजिन चाक फिरवते ते साखळीने, आणि साखळी आखूड हवी. तेव्हा ते मागच्या चाकांजवळ, म्हणजे चालकाच्या पाठीशी बसले. निर्णय साखळीचा, कूपरांचे केवळ शिक्कामोर्तब!

प्रतिपक्षाची कैफियत अशी की, 1923 साली मोंझा येथे धावलेली बेन्झची थेंबाकार मोटार आणि 1934 पासूनची पोर्शे यांची सोळा सिलिंडरांची ‘ऑटो युनियन’ हे या रचनेचे खरे पूर्वज होत. शिवाय ‘ऑटो युनियन’ने 1937 व 1938 साली इंग्लंडातच, डोनिंग्टन येथे, शर्यती जिंकल्या होत्या. वंशावळ देखणी आहे खरी. परंतु ही मिरास कूपरांनी जाणूनबुजून स्वीकारली असती, तर 1952 साली ब्रिस्टल एंजिनाची एकासनी मोटार बांधताना त्यांनी ते एंजिन निमूटपणे पुढे का बसवले? माइक हॉथॉर्नने गाजवलेली ती हीच मोटार. साखळी गेली, तसे एंजिन पुढे आले. तत्त्वनिष्ठ माणूस सहा वर्षांत आपले तत्त्व असे मोडीत काढीत नाही.

माझ्या उपपत्तीतला कच्चा दुवा पुढेच आहे, कारण 1955 साली तेच ब्रिस्टल एंजिन, साखळीचा मागमूस नसताना, ब्रॅबहम या चालकाच्या कूपरमध्ये मागे बसले. माझा तर्क असा की, पाचशे सी.सी.च्या मोटारी बांधून कारखान्याच्या हाताला वळण पडले होते, आणि आसनाखालून मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दंड टळल्याने चालक खाली बसतो व वाऱ्याचा अडथळा घटतो, हा लाभ तोवर ध्यानी आला होता. मात्र मागे बसवलेल्या एंजिनाला जुळेल अशी गिअरपेटी हवी होती. क्लायमॅक्स एंजिनाच्या कूपरांसाठी ती मिळाली कुठून, तर पुढची चाके फिरवणाऱ्या सित्रोएनकडून! तिथे एंजिनाच्या पुढे असलेली पेटी उलटी फिरवून, आवश्यक ते फेरफार करून, एंजिनाच्या मागे लावली की झाले. पुढच्या चाकांचे यंत्र मागच्या चाकांच्या सेवेत रुजू झाल्याचा असा दाखला विरळाच.

पुढचे सर्वश्रुत आहे. 1958 साली अर्जेंटिनातील शर्यतीत स्टर्लिंग मॉसने दोन लिटरांहून किंचित लहान एंजिनाच्या कूपरमधून फेरारींना मागे टाकले. 1959 आणि 1960 अशी लागोपाठ दोन वर्षे ब्रॅबहम कूपरमधून जगज्जेता ठरला. आणि 1961 चे विजेतेपद फेरारीने पटकावले, तेही एंजिन मागे बसवूनच.