थिएटरमधली आग आणि पंधरा हजार पत्रकं

‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय वाट्टेल ते बोलायची मुभा नव्हे. भरलेल्या थिएटरात उगाच “आग, आग” म्हणून ओरडता येत नाही.’ हा युक्तिवाद मी स्वतः कितीदा तरी केला आहे. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत केला, पुढे मित्रांशी भांडताना केला. तो केला की समोरचा गप्प बसतो. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर चर्चा झाली, तेव्हा टिम वॉल्झ यांनी जे. डी. व्हान्स यांना हेच ऐकवलं. वर ही सर्वोच्च न्यायालयाची कसोटी आहे, असंही सांगितलं. त्यानंतर मी मूळ निकालपत्र काढून वाचलं. छोटंसंच आहे. ते वाचल्यापासून हा युक्तिवाद माझ्या तोंडून निघत नाही.

एप्रिल १९१७मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. मे महिन्यात सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला आणि जूनमध्ये ‘एस्पिओनाज अ‍ॅक्ट’. नाव हेरगिरीचं, पण भरतीत अडथळा आणणं हाही त्यात गुन्हा होता. फिलाडेल्फियातल्या समाजवादी पक्षाचे सरचिटणीस चार्ल्स शेंक यांनी सुमारे १५ हजार पत्रकं छापली. भरतीसाठी नाव निघालेल्या तरुणांना ती टपालाने पाठवायची होती. पत्रकात गुलामगिरी आणि वेठबिगारी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा दाखला होता: सक्तीची भरती ही वेठबिगारीच आहे, तेव्हा आपले हक्क बजावा. भरती-केंद्रं जाळा वगैरे काहीही त्यात नव्हतं.

३ मार्च १९१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेंक यांची शिक्षा एकमताने कायम केली. निकाल लिहिला न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी. एरवी हे पत्रक घटनेच्या संरक्षणात बसलं असतं, हे त्यांनी मान्य केलं. पण युद्धकाळात गोष्ट वेगळी, असं म्हणत त्यांनी थिएटरची उपमा दिली. त्यांच्या मूळ वाक्यात ‘खोटंच’ ओरडणं आहे, ‘भरलेलं’ थिएटर नाही. पुढे लोकांनी एक शब्द गाळला आणि एक घातला.

उपमा हवेतून आलेली नव्हती. १९०३मध्ये शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला खरोखरच आग लागून सुमारे ६०० माणसं मेली. १९१३च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी मिशिगनमधल्या कॅल्युमेट इथे संपावर असलेल्या तांबे-खाण कामगारांच्या मुलांसाठी कार्यक्रम होता. कुणीतरी ‘आग’ म्हणून ओरडलं. आग नव्हतीच. जिन्यात चेंगरून ७३ जण गेले, त्यांत बहुतेक मुलं.

म्हणजे उपमा खरी आहे, ती लावली चुकीच्या जागी. थिएटरातली आरोळी धडधडीत खोटी असते आणि ऐकणाऱ्याला विचार करायला क्षणभरही मिळत नाही. शेंक यांचं पत्रक हे मत होतं. घरी बसून वाचायचं, पटलं नाही तर चुलीत टाकायचं. त्याला प्रत्युत्तर द्यायला सरकारकडे सगळा वेळ आणि सगळी साधनं होती.

आठवड्याभरात, १० मार्चला, होम्स यांनीच आणखी एक निकाल एकमताने दिला. युजीन डेब्स हे समाजवादी पक्षाचे सर्वांत मोठे नेते. जून १९१८मध्ये ओहायोतल्या कँटन गावी त्यांनी युद्धाविरुद्ध भाषण केलं. शिक्षा, १० वर्षं. १९२०ची अध्यक्षीय निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून लढवली आणि त्यांना नऊ लाखांवर मतं पडली. अध्यक्ष विल्सन यांनी त्यांना सोडायला नकार दिला. पुढचे अध्यक्ष हार्डिंग यांनी डिसेंबर १९२१मध्ये सोडलं.

त्या उन्हाळ्यात होम्स यांच्यावर टीका झाली, तीही शत्रूंकडून नव्हे. न्यायाधीश लर्नेड हँड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. हार्वर्डचे तरुण प्राध्यापक झकराया चाफी यांनी त्यांच्या निकालांवर लेख लिहिला, मग चहाच्या निमित्ताने समोर बसून चर्चाही केली. होम्स तेव्हा ७८ वर्षांचे. यादवी युद्धात तीनदा जखमी झालेला हा माणूस भाबडा खासच नव्हता.

नोव्हेंबरमध्ये एब्रम्स खटल्याचा निकाल लागला. रशियातून न्यूयॉर्कला आलेल्या काही ज्यू तरुणांनी इंग्रजी आणि यिडिश पत्रकं इमारतीच्या खिडकीतून खाली भिरकावली होती. अमेरिकेने रशियात सैन्य पाठवू नये, एवढ्यासाठी. तिघांना २० वर्षं, मॉली स्टायमर या विशीतल्या मुलीला १५. सात न्यायमूर्तींनी शिक्षा कायम केली. होम्स मात्र फुटले आणि न्या. ब्रँडाइस त्यांच्या बाजूने उभे राहिले. कोणतं मत खरं हे विचारांच्या खुल्या बाजारात ठरू द्यावं, ज्यांची आपल्याला किळस येते ती मतंही तातडीचा धोका नसेल तर बोलू द्यावीत, असं त्यांनी लिहिलं. आपण मार्चमध्ये चुकलो, असं मात्र त्यांनी म्हटलं नाही.

स्टायमर आणि सोबत्यांना १९२१मध्ये रशियाला हद्दपार करण्यात आलं. १९२३मध्ये सोव्हिएत सरकारनेही तिला हाकलून दिलं. बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं, यावर दोन्ही व्यवस्थांचं एकमत झालं होतं.

होम्स यांचा भिन्नमताचा निकाल कायद्यात मुरायला ५० वर्षं लागली. १९६९च्या ब्रँडेनबर्ग निकालाने ठरवलं की बोलणं तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याच्या हेतूने केलेलं असेल आणि तसं घडण्याची शक्यताही असेल, तरच शिक्षा. म्हणजे वॉल्झ यांनी सांगितलेली कसोटी केव्हाच मागे पडली आहे. ब्रँडेनबर्ग हा कू क्लक्स क्लॅनचा पुढारी. खटला ओहायोचाच. ज्या राज्यातल्या भाषणासाठी डेब्स तुरुंगात गेले, तिथेच हे संरक्षण पहिल्यांदा मिळालं ते एका वंशद्वेष्ट्याला. मला हे अजूनही गिळायला जड जातं. पण डेब्सला वाचवणारा आणि ब्रँडेनबर्गला अडकवणारा कायदा कसा लिहायचा, आणि तो कुणाच्या हाती द्यायचा, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

ही वाट आपल्यापर्यंतही येते. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. न्या. नरिमन यांच्या त्या निकालपत्रात शेंक आहे, एब्रम्स आहे, ब्रँडाइसही आहेत.

२०२५मध्ये अमेरिकेत व्हिसावर राहणाऱ्या काही विद्यार्थ्यांना पॅलेस्टाइनच्या बाजूने लिहिल्या-बोलल्याबद्दल ताब्यात घेतलं गेलं, हद्दपारीच्या नोटिसा निघाल्या. काहींना न्यायाधीशांनी सोडवलं. बातमी वाचताना मला खिडकीतून भिरकावलेली पत्रकं आठवली. न्यायालयं जागी होतात, पण बहुधा युद्ध संपल्यावर, आणि तोवर माणसं शिक्षा भोगत असतात.

आता कुणी थिएटरची उपमा दिली, की मी एवढंच विचारतो: ओरडणारा कोण होता, आणि त्याच्या हातात काय होतं?