महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ (पूर्वीचे नाव: मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम) हा खासगी रुग्णालये, शुश्रूषागृहे व प्रसूतिगृहे यांची नोंदणी आणि तपासणी यांविषयीचा कायदा आहे. नाशिक जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांची नोंदणी याच कायद्यान्वये होते. वृद्धाश्रमांना मात्र तो सरसकट लागू होत नाही.

व्याप्ती

आजारी, जखमी किंवा दुर्बल व्यक्तींना दाखल करून घेऊन त्यांच्यावर उपचार व त्यांची शुश्रूषा केली जाते, अशी कोणतीही जागा म्हणजे शुश्रूषागृह होय. शासन व स्थानिक प्राधिकरणे चालवत असलेली रुग्णालये या कायद्यातून वगळलेली आहेत. केवळ निवास व भोजनाची सोय करणारा वृद्धाश्रम या व्याख्येत बसत नाही.

व्यवस्थापकाची पात्रता

व्यवस्थापकासाठी स्वतंत्र परवाना नाही. नोंदणी संस्थेची होते. तथापि शुश्रूषागृहाचे व्यवस्थापन तेथेच निवास करणाऱ्या अर्हताप्राप्त वैद्यकीय व्यावसायिकाकडे किंवा परिचारिकेकडे नसल्यास नोंदणी नाकारता येते. पात्र परिचारिकांचे प्रमाण अपुरे असणे, तसेच जागा, बांधकाम वा साधनसामग्री अयोग्य असणे, हीदेखील नकाराची कारणे आहेत. नोंदणी नाकारण्यापूर्वी किंवा रद्द करण्यापूर्वी संबंधितास नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. निर्णयाविरुद्ध राज्य शासनाकडे अपील करता येते.

नाशिकमधील अंमलबजावणी

१९८२ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत नोंदणी व तपासणीचे काम महापालिकेचा वैद्यकीय विभाग पाहतो. ग्रामीण भागात ही जबाबदारी प्रामुख्याने जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असते. जानेवारी २०२१ मधील नियमदुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आणि तक्रार निवारणाची व्यवस्था घालून दिली. केंद्राचा वैद्यकीय आस्थापना अधिनियम, २०१० महाराष्ट्राने स्वीकारलेला नसल्याने राज्यात १९४९ चाच कायदा चालतो.

वृद्धाश्रमांची स्थिती

राज्य शासनाने १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू केली. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम १९ नुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम अपेक्षित आहे. राज्याचे नियम २०१० मध्ये झाले. मूळ अधिनियमात खासगी वृद्धाश्रमांच्या सक्तीच्या नोंदणीची तरतूद नाही. अशा नोंदणीचा प्रस्ताव असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले; तथापि ते संमत होण्यापूर्वीच सतरावी लोकसभा विसर्जित झाली. त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची शुश्रूषा रुग्णालयात होत असल्यास तेथील व्यवस्थापकाच्या अर्हतेची तपासणी होते. निव्वळ निवासी वृद्धाश्रमात तशी अट या कायद्याने लागू होत नाही.

तुलना

अमेरिकेत १९६७ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातील दुरुस्तीनंतर मेडिकेड योजनेत सहभागी राज्यांना शुश्रूषागृह प्रशासकांसाठी व्यक्तिगत परवाना पद्धती लागू करावी लागली. तेथे परवाना व्यक्तीचा असतो, तर महाराष्ट्रात नोंदणी वास्तूची व संस्थेची होते.